आठ मिनिटं हात न लावता

माझ्या मावशीला घरात, शेजारात आणि ती जिथे बावीस वर्षं कामाला होती त्या जॅमच्या कारखान्यातही सगळे भिंगरी म्हणतात. खरं नाव आहे, पण ते फक्त कागदपत्रांवर. त्या नावाने हाक मारली तर ती मागे वळून बघेलच याची खात्री नाही. पायाला भिंगरी लागलेली माणसं मी पुष्कळ बघितली आहेत, हिच्या हातालाही लागलेली आहे. एका जेवणात ती तीनदा उठते. कुणाकडे पाहुणी म्हणून गेली, तर त्यांनी चहाचा शेवटचा घोट घ्यायच्या आत त्यांचा कप विसळून पालथा घातलेला असतो. टीव्ही ती उभ्याने बघते, आणि तेही कापड हातात घेऊन, म्हणजे अधूनमधून टीव्ही पुसता येतो.

मला तिचा राग येतो, हे आधीच सांगून टाकते. मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग द्यायचं, आपण शेजारी बसायचं आणि हात मांडीवर ठेवायचे, हाच माझा धंदा. माझ्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो, पण तो उठसूट दाबला तर समोरचा जन्मात शिकत नाही. त्यामुळे जिथेतिथे हात घालणारी माणसं माझ्या डोक्यात जातात. तरीही त्या गुरुवारी मीच तिला फोन करून बोलावून घेतलं होतं, कारण आईने खाणं सोडलं होतं.

आईच्या पोटातली गाठ काढून झाली होती. आता दर तीन आठवड्यांनी दवाखान्यात जाऊन, खुर्चीत चार तास बसून औषध घ्यायचं, असे सहा डोस होते. दोन झाले. दुसऱ्यानंतर तिच्या तोंडाची चव बिघडली. काहीही खाल्लं तरी तोंडात किल्ली धरल्यासारखं लागतं म्हणायची. दूध घेतलं तरी किल्ली, पाव खाल्ला तरी किल्ली, नुसतं पाणीसुद्धा किल्ली. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की सोमवारी तिसऱ्या डोसच्या आधी वजन करू, बेचाळीस किलोच्या खाली गेलं तर डोस देता येणार नाही, आणि एकदा खंड पडला की मागचे दोन पाण्यात. आई बेचाळीसच्या वर जेमतेम तीनशे ग्रॅम होती. बुधवारी ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, सोमवारी मी येणार नाहीये, झालं तेवढं पुरे.

मी चिडले. मला काळजी वाटली की मी चिडते. जगात अशी एक तरी गोष्ट आहे का जी तुला खावीशी वाटते, असं मी जवळजवळ ओरडूनच विचारलं. ती भिंतीकडेच बघत म्हणाली, पातळ फळं.

पातळ फळं हा आमच्या घरातला शब्द आहे. मी एका हॉटेलात हेच कॉम्पोट या नावाने खाल्लं आहे, इतक्या छोट्या वाटीत की चमचा बुडेना. प्रकार अगदी साधा. उन्हाळ्यातली ताजी फळं, थोडी साखर, लिंबाच्या सालीचा एक तुकडा. मंद आचेवर जेमतेम शिजवायची आणि गार करायची. फळं अख्खी राहिली पाहिजेत, रस वाहता राहिला पाहिजे आणि आंबटपणा जाता कामा नये. माझी आजी ते करायची. आजी जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि या एकोणीस वर्षांत आईने ते एकदाही केलेलं नव्हतं. का, ते मी कधी विचारलं नव्हतं. मला स्वतःला अंडं उकडण्यापलीकडे काही येत नाही. बावीस वर्षं फळं शिजवलेली बाई घरात असताना दुसऱ्या कुणाला कशाला विचारायचं, असा मी सरळ हिशेब केला, आणि तिथेच घोडं पेंड खाणार आहे हे माझ्या लक्षात आलं नाही.

मावशी आली ती दोन पिशव्या भरून फळं घेऊनच. स्ट्रॉबेरी, रासबेरी आणि काळीभोर तुती. फळवाल्याशी भांडून तिने वरची सोडून खालची फळं घेतली होती, कारण वर मांडलेलं फळ दाखवायचं असतं, हे तिला कारखान्यात ट्रक उतरवून घेताना कळलेलं. आईच्या खोलीत ती उभ्याउभ्याच डोकावली, ताई कशी आहेस असं विचारलं, आणि उत्तर येईपर्यंत तिने चादरीची घडी सारखी केली, औषधाच्या बाटल्या उंचीप्रमाणे लावल्या आणि पडदा झटकला. आई डोळे मिटून पडून राहिली.

स्वयंपाकघरात मात्र तिला बघत राहावं अशी ती काम करत होती, हे कबूल करायला हवं. तुतीचे देठ ती नखाने असे काढत होती की फळाला ओरखडा नाही. कारखान्यात तिच्याकडे वाफेवरची मोठी कढई होती, माणूस आत बसेल एवढी, आणि ढवळायला लाकडी वल्हं. बॅच चढली की उतरेपर्यंत वल्हं थांबवायचं नाही, हा तिथला पहिला आणि शेवटचा नियम. हात थांबला की साखर बुडाला लागते, बुडाला लागली की अख्ख्या कढईला वास येतो, आणि मग ती सगळी गटारात. हे ती मला सांगत होती आणि आमच्या एवढ्याशा पातेल्यात चमचा गरागरा फिरवत होती. मग तिने फ्रिजमधल्या गार बशीवर एक थेंब टाकला, बशी तिरकी केली, थेंब जागचा हलला नाही, आणि तिचा चेहरा उजळला. "बसला," ती म्हणाली.

आईने चमचा नुसता ओठाला लावला आणि परत ठेवला. हा जॅम आहे, ती म्हणाली, आणि पुन्हा भिंतीकडे वळली. तो जॅम होता हे खरंच होतं, आणि उत्तम होता. मी तो पुढे महिनाभर खाल्ला.

शुक्रवारी आईने पडल्यापडल्या कृती सांगितली, मी दारात उभी राहून ती मोठ्याने पुन्हा सांगितली आणि मावशीने ती ऐकून मान हलवली. फळांवर साखर घालून तासभर तशीच ठेवायची, त्यांचं पाणी त्यांनाच सुटतं. मग पातेलं अगदी बारीक आचेवर. कडेने बुडबुडे यायला लागले की आठ मिनिटं. चमचा घालायचा नाही. फार वाटलं तर पातेलं दोन्ही कानांना धरून एकदा हलकेच फिरवायचं. आठ मिनिटं झाली की गॅस बंद, आणि निम्म्या स्ट्रॉबेरी कच्च्याच त्या गरम रसात सोडायच्या.

तासभर फळं तशीच ठेवायची होती, त्या तासात मावशीने आमचा ओटा, ओट्यावरच्या फरशा आणि मी कधीही न पाहिलेली गॅसची मागची बाजू घासली. घरात एक माणूस स्वस्थ बसत नसेल तर दुसऱ्यालाही बसवत नाही. मी दोनदा उठून आईच्या खोलीत गेले, दोनदा परत आले, वजनकाटा पलंगाखालून काढला आणि पुन्हा आत सरकवला. मग बुडबुडे आले. पहिलं मिनिट मावशीने हात पाठीमागे बांधून काढलं. दुसऱ्या मिनिटाला तिचे हात शिवशिवायला लागले, ती पातेल्यावर वाकली, सरळ झाली, पुन्हा वाकली. तिसऱ्या मिनिटाला मी पाणी प्यायला वळले आणि मागे वळून बघते तर चमचा आत. एकदाच, म्हणाली, बुडाला बघितलं फक्त. पण एकदाच झालं की हात ऐकत नाही. आठव्या मिनिटाला रासबेरीचा लगदा झाला होता आणि तुतीची नुसती सालं तरंगत होती.

आईने एक चमचा तोंडात घेतला, गिळला, आणि वाटी माझ्याकडे दिली. संध्याकाळी मी तिला धरून काट्यावर उभं केलं. काटा बरोबर बेचाळीसवर. मावशी काट्याकडे बघत होती आणि तिचा अंगठा पहिल्या बोटावर सारखा घासला जात होता.

शनिवारी सकाळी मी ठरवलं की आता हे आपणच करायचं. हात मांडीवर ठेवायची मला सवय आहे. मावशीला ओल्या चादरींची बादली दिली आणि गच्चीवर पिटाळलं. वाटीभर तुती आणि वाटीभर स्ट्रॉबेरी तेवढी मी दुसऱ्या खेपेसाठी फ्रिजमध्ये ठेवली, बाकीची फळं पातेल्यात घातली. बुडबुडे आले. मी घड्याळ लावलं. तेवढ्यात माझ्या एका शिकाऊ बाईंचा फोन आला की लायसन्सची परीक्षा सोमवारीच आहे, आणि सोमवारी मी नसणार तर त्यांचं कसं होणार. त्यांना समजावत मी खिडकीपाशी गेले. गोड रस उतू जाऊन गॅसवर चर्र झाला आणि वास सुटला. वास बारीकसाच होता, पण बावीस वर्षं त्या वासाची धास्ती घेतलेल्या बाईला तो गच्चीवर पोचला. ती जिना धडाधड उतरून आली, चादरीची दोन टोकं अजून खांद्यावर होती, आणि तिने चमचा उचलून पातेलं असं ढवळलं की रस भिंतीवर उडाला.

"सोड तो चमचा," मी ओरडले. "आई खात नाहीये, तिला सोमवारी डोस मिळणार नाही, आणि तुला आठ मिनिटं निघत नाहीत? जित्याची खोड—"

पुढचे शब्द मी गिळले, कारण दारात आई उभी होती. दोन दिवसांत ती पहिल्यांदाच स्वतःहून उठली होती. एक हात चौकटीवर, गाऊन खांद्यावरून घसरलेला. तिने माझ्याकडे बघितलं नाही, भिंतीवरच्या लाल शिंतोड्यांकडेही नाही.

"अजून फळं आहेत का?" तिने विचारलं. मी म्हटलं, दोन वाट्या आहेत. "घाल साखर. ही खुर्ची इकडे दे."

साखर घालून तासभर आम्ही तिघी त्या स्वयंपाकघरात होतो. आई खुर्चीत, मी ओट्याला टेकून, आणि मावशी भिंत पुसत. भिंत पुसून झाली तशी ती पुसलेलीच पुन्हा पुसायला लागली. मी पातेलं गॅसवर ठेवलं. कडेने पहिले बुडबुडे दिसले तेव्हा आईने स्टूल पायाने आपल्याकडे ओढलं आणि मावशीला म्हणाली, बस. मावशी बसली. आईने तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि आपल्या मांडीवर ठेवले.

पहिलं मिनिट गेलं. मावशीची नजर पातेल्यावर होती, आणि टाच जमिनीवर टकटक वाजत होती.

"त्या दिवशी बस उशिरा आली नव्हती," आई म्हणाली.

आजी गेली तो दिवस. मला एवढंच माहीत होतं की मावशीला कारखान्यात फोन गेला, ती निघाली, बसने दगा दिला आणि ती पोचायच्या पंधरा मिनिटं आधी सगळं संपलं होतं. आमच्या घरात त्या बसला अजूनही शिव्या बसतात.

"तुझ्या सुपरवायझरने मला नंतर सांगितलं," आई म्हणाली. "वल्हं घ्यायला त्याने स्वतः हात पुढे केला होता. तू दिलं नाहीस. वीस मिनिटं तू बॅच उतरवत होतीस."

मावशीने हात सोडवून घ्यायला बघितलं. आईने सोडले नाहीत. तेवढं बळ त्या हातांत कुठून आलं कोण जाणे.

"दुसऱ्याच्या हातात गेली की लागते गं ताई," मावशी म्हणाली. आवाज अगदी लहान मुलीसारखा झाला होता. "तसं नाही. मला वाटलं, माझा हात चालू आहे तोवर काही होणार नाही. मी वल्हं ठेवलं आणि निघाले, तर मग ते खरंच आहे असं झालं असतं."

पातेल्यात फळं हळूहळू वर येत होती. एक तुती कडेला लागून फिरत होती. मी घड्याळ बघितलं, चार मिनिटं झाली होती. मला वाटलं आता आई तिला जवळ घेईल, असू दे म्हणेल. माझी आई तशी नाही.

"आईने तीनदा विचारलं, भिंगरी आली का," ती म्हणाली. "मी तिन्ही वेळा सांगितलं, वाटेवर आहे, आत्ता येईल. ती दाराकडे बघत राहिली. मला ठाऊक होतं तू एवढा वेळ लावणार नाहीस, म्हणजे काहीतरी झालंय, आणि तरी मी सांगत राहिले. एकोणीस वर्षं झाली, माझ्या तोंडातून ते खोटं जात नाही."

मावशी रडत होती. हात आईच्या मांडीवर असल्यामुळे तिला डोळे पुसता येत नव्हते आणि ती ते तसेच वाहू देत होती. मी पुढे झाले नाही. का ते सांगता येत नाही, पण कुणीही मध्ये पडू नये अशी ती वेळ होती.

"मला मरायची भीती वाटते," आई म्हणाली. "डोस घेऊन वाटते आणि न घेताही वाटते. पण त्याहून जास्त भीती कशाची वाटते सांगू? मी दाराकडे बघत असेन, तू कुठेतरी ओटा घासत असशील, आणि ही मला सांगेल, मावशी वाटेवर आहे. माझ्या मुलीला ते सांगायला लावू नकोस."

मावशीने नुसती मान हलवली. तिची टाच थांबली होती. ते लगेच माझ्या लक्षात आलं नाही, आवाज बंद पडल्यावर जसं थोड्या वेळाने कळतं तसं कळलं.

घड्याळ वाजलं. दोघींपैकी कुणी उठलं नाही, गॅस मी बंद केला. उरलेल्या स्ट्रॉबेरी आत सोडल्या. तुती अख्खी होती, रस गडद आणि वाहता होता, आणि बुडाला काहीही लागलेलं नव्हतं. मी पातेलं थंड पाण्याच्या परातीत ठेवलं.

कुणाला वाटेल की एवढं झाल्यावर मावशी बदलली. छे. पातेलं गार होईपर्यंत तिने शेगडी उघडून उतू गेलेला रस काढला, कपडे वाळत घातले, माझ्या बुटांना पॉलिश केलं. पण आईने वाटी हातात घेतली तेव्हा ती येऊन स्टुलावर बसली. आईने पहिला चमचा तोंडात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. मग दुसरा घेतला. साखर कमी झाली आहे, म्हणाली. मावशी अर्धवट उठली आणि परत बसली. आईने वाटी संपवली. एक वाटी संपवायला तिला जवळजवळ अर्धा तास लागला, आणि तो अर्धा तास मी जागची हलले नाही.

"किल्ली?" मी विचारलं.

"आहे," ती म्हणाली. "पण आता लांब आहे." मग वाटी खाली ठेवत तिने विचारलं, सोमवारी घरातून किती वाजता निघायचं आहे.

रविवारी उरलेलं सगळं तिने तीन वेळा थोडं थोडं करून खाल्लं, दुपारी त्यात पाव बुडवून. संध्याकाळी मावशी आणखी फळं घेऊन आली, आणि त्या खेपेची आठ मिनिटं तिने स्वतःचे हात स्वतःच्या मांडीखाली दाबून काढली. तिसऱ्या मिनिटाला तिच्या कपाळावर घाम आला होता. सोमवारी दवाखान्यातला काटा बेचाळीसच्या केसभर वर थांबला. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून तो आकडा पुन्हा वाचला आणि चालेल म्हणाल्या.

औषधाच्या खोलीत एकाच नातेवाइकाला बसू देतात. आधीच्या दोन्ही वेळा मी बसले होते, त्यामुळे मी पिशवी घेऊन निघालेच होते. आईने माझ्या हातातली पिशवी काढून मावशीला दिली. मावशीने माझ्याकडे असं बघितलं की जणू तिला गाडीच्या स्टिअरिंगवर बसवून कुणी गर्दीत सोडलं आहे. मग ती आत गेली.

दाराला चौकोनी काच होती. मी बाहेरच्या बाकावरून दर दहा-पंधरा मिनिटांनी उठून बघत होते; त्या दिवशी स्वस्थ बसवत नव्हतं ते मला. पहिल्या तासात मावशीने बसल्याजागी खोलीतलं सगळं नजरेने आवरून टाकलं असावं, कारण तिचे डोळे एका कपाटावरून दुसऱ्या कपाटावर जात होते. दुसऱ्या तासात तिचा पाय हलायला लागला. नर्सच्या हातून कापसाचा बोळा खाली पडला तेव्हा ती वाकली, हात पुढे गेला, आणि मग ती तशीच मागे टेकली. बोळा नर्सने उचलला. तिसऱ्या तासात आईला झोप लागली. सुई नसलेला तिचा हात मावशीच्या हातात होता, आणि मावशी त्या हाताकडे बघत बसली होती.

चार तास उलटून गेल्यावर नर्स बाहेर आली. औषध संपलं होतं, सुई काढून झाली होती. "त्या बाईंना सांगा ना," ती म्हणाली, "आता हात सोडला तरी चालेल. मी दोनदा सांगितलं, त्यांच्या लक्षातच येत नाहीये."

मी आत गेले. आई अजून झोपेत होती, तोंड थोडं उघडं. मी मावशीच्या खांद्याला हात लावला आणि हळूच म्हटलं, झालं मावशी, ऊठ आता, निघायचं.

तिने मान वर केली नाही.

"थांब जरा," ती म्हणाली.